पडायला ठेवलेली पोर

प्रगती दौंडला ज्युदो शिकायला जायला लागून महिना होत आला, तरी समोरच्याला पाडायचं कसं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवत होते ते पडायला. मागं पड, उजवीकडं पड, कोलांटी घेऊन पड, ऊठ, परत पड. पडताना हात असा काही मॅटवर आपटायचा की बाहेर रस्त्यावरचा भेळवाला वळून बघायचा. तिचा आजा तात्याबा कोळपे हे सगळं दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून रोज बघत होता. रोज परत जाताना स्कूटरला किक मारता मारता त्याच्या मनात एकच गोष्ट यायची. इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

तात्याबा काही ऐरागैरा बघ्या नव्हता. मांडवगण फराट्याच्या आसपास कुठल्याही पारावर जुन्या माणसांत विचारलं तर तात्या धनगराची कलाजंग अजून आठवणारे दोन-चार जण निघतील. समोरच्याच्या मांडीखाली हात घालायचा, त्याला आडवा खांद्यावर उचलायचा आणि पलीकडं टाकायचा, असा तो डाव. कुस्तीतलं त्याला कळत होतं, आणि कुस्तीत पडणं म्हणजे संपणं. पाठ मातीला लागली की हलगी थांबते आणि फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर चढतो. वस्ताद पोराला पहिल्या दिवसापासून शिकवतो ते पाठ वाचवायला. जीव गेला तरी चालेल, पाठ लागता कामा नये. आणि ही बाई रोज तासभर पोरीला पाठीवर आपटायला लावत होती, वर शाबासकीही देत होती!

घरी येऊन त्यानं सुनेला सांगितलं, "म्हाळसा, पोरीला तिथं पडायला ठेवलीया."

म्हाळसा भाकरी थापत होती. "पडायला ठेवत्यात व्हय कुणाला, मामा?"

"ठेवत्यात. मला इचारू नकोस, मला ठावं हाय."

त्याला ठाऊक होतं हे खरंच. कारण पंचेचाळीस वर्षांपूर्वी तो स्वतः पडायला ठेवलेला होता.

तेव्हा गावात मारुतराव नावाचे बडे बागायतदार होते. सोसायटी त्यांची, तालीम त्यांची, वस्तादही त्यांनीच पोसलेला. स्वतः मारुतराव ऐन पंचविशीत कुस्ती खेळायचे आणि त्यांना सरावाला तगडी जोड पाहिजे होती. एके दिवशी ते तात्याबाच्या बापाच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या वाड्यावर, आले आणि म्हणाले, "पोरगा आम्हाला द्या. खुराक आमचा." बाप हरखून गेला. रोज दुधाचा तांब्या, बदाम, शिवाय तालमीत झोपायला जागा. धनगराच्या पोराला हे सुख कुठलं! तात्याबाला सगळं मिळालं, फक्त जिंकायची परवानगी मिळाली नाही. तसं तोंडानं कुणीच सांगितलं नव्हतं, आणि सांगावं लागतही नाही. चार वर्षं मारुतरावांनी त्याच्यावर डाव घोटले आणि तो पडत राहिला. एकदा मात्र जत्रेच्या तोंडावर त्याचं रक्त उसळलं आणि त्यानं तालमीच्या भर हौद्यात, लाल मातीत, मारुतरावांना कलाजंगेवर घेऊन चीतपट टाकलं. कुणी टाळी वाजवली नाही. दुसऱ्या दिवशी दुधाचा तांब्या आला नाही. तिसऱ्या दिवशी वस्ताद मान खाली घालून म्हणाला, "तात्या, तू आता मेंढरं बघ."

मारुतरावांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण प्रगतीला ज्युदो शिकवणारी सुलक्षणा मॅडम ही त्यांचीच मुलगी. दौंडला दिलेली, तिथल्या शाळेत खेळाची शिक्षिका, तरुणपणी राज्याकडून खेळलेली. महिन्या-दीड महिन्यापूर्वी ती गावच्या शाळेत पाहुणी म्हणून आली, कबड्डीच्या मैदानावर तिनं प्रगतीला पाहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी कोळप्यांच्या ओट्यावर येऊन बसली. चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "मामा, ही पोरगी मला द्या. फी नको. अंडी-दूध माझ्याकडं."

म्हाळसाचा चेहरा खुलला. सणसवाडीच्या कंपनीत कामाला असलेला नवनाथ, म्हणजे प्रगतीचा बाप, फोनवर म्हणाला, "जाऊ द्या की आबा, चांगलंच हाय." तात्याबाच्या अंगावर मात्र काटा आला. तेच शब्द, तीच देण्याघेण्याची भाषा, तोच फुकटचा खुराक. पण नातीचे डोळे असे काही चमकत होते की नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. तो एवढंच म्हणाला, "म्या आणत-सोडत जाईन." म्हणजे नजर ठेवीन.

आणि नजर ठेवल्यावर जे दिसायला लागलं त्यानं त्याचा संशय चांगलाच बळावला. मॅडमच्या हाताखाली राजनंदिनी नावाची एक मुलगी होती. मॅडमच्या भावाची, विश्वजीतची लेक. शिकायला आत्याकडंच राहिलेली. प्रगतीच्याच वयाची, तिच्याच वजनाची. आणि मॅडमनं प्रगतीची जोड लावली कुणाशी? तर राजनंदिनीशी! मारुतरावांची नात तात्याबाच्या नातीला उचलून टाकत होती, प्रगती धाडकन पडत होती, हसत उठत होती आणि परत तिच्यापुढं उभी राहत होती. तात्याबाला खुर्चीत बसवेना. त्या हसण्याचाच त्याला सगळ्यात जास्त राग यायचा. आपणही असंच हसत होतो, खुळ्यासारखं.

बरं, पुढं टाकायचं शिकवल्यावर प्रगतीही कधीकधी राजनंदिनीला टाकायची. पण ती पोरगी अशी हलकी, गोल पडायची की तात्याबाला वाटायचं, हे नाटक आहे. एकदा तर मॅडम स्वतः प्रगतीसमोर उभी राहिली, म्हणाली "टाक मला," आणि प्रगतीनं खरोखर तिला पाठीवर टाकलं. मारुतरावांची लेक धनगराच्या पोरीपुढं पाठीवर! दुसरा कुणी असता तर त्याचं काळीज सुपाएवढं झालं असतं. तात्याबानं डोळे बारीक केले. ही मुद्दाम पडली, तो मनाशी म्हणाला, पोरीला भुलवायला. मारुतराव तरी सरळ होते, कधी खोटं पडले नाहीत.

शेवटी एका संध्याकाळी न राहवून त्यानं विचारलंच. पोरं मॅट पुसत होती, मॅडम पायरीवर चहा पीत बसली होती.

"ताई, हे पडणं संपायचं कवा?"

"संपत नाही, मामा. मी अजून रोज पडते."

"आमच्यात पडला तो मेला."

मॅडमनं हसून त्याच्याकडंही चहाचा कप सरकवला. "या, बसा. तुम्हाला याची जन्मकथाच सांगते."

मग तिनं जपानातल्या जिगोरो कानो नावाच्या माणसाची गोष्ट सांगितली. दीडशे वर्षांपूर्वीची. कानो लहानपणी अंगानं किरकोळ, अभ्यासात हुशार, आणि म्हणून शाळेतली दांडगी मुलं त्याला बदडून काढायची. कुणीतरी सांगितलं की जुजुत्सू नावाची विद्या आली तर बारीक माणूसही धिप्पाडाला लोळवतो. पण ती विद्या तलवारबहाद्दर सामुरायांची. त्यांचा जमाना नुकताच संपला होता, विद्येला विचारणारं कुणी उरलं नव्हतं, आणि जुने गुरू हाडं बसवून पोट भरत होते. कानो हाडं बसवणाऱ्यांची घरं धुंडाळत फिरला. एक गुरू मिळाला, तो वारला, दुसरा धरला. ही विद्या मुळात रणांगणात माणूस मारायची. सांधा मोडायचा, डोळ्यात बोट, नको तिथं लाथ. कानोच्या डोक्यात वेगळंच होतं. त्यानं जीवघेणं ते सरावातून काढलं, टाकणं आणि धरून ठेवणं ठेवलं, आणि एका देवळात नऊ चेले घेऊन शिकवायला सुरुवात केली.

"देवळात?" तात्याबा म्हणाला. "पुजाऱ्यानं बरं घेतलं ऐकून."

"कुठलं? जमीन हादरायची, देवापुढच्या पितरांच्या नावांच्या पाट्या पडायच्या. पुजारी वैतागला होता नुसता. तर सांगायचं काय, त्यानं पडायला शिकवलं म्हणून चेले रोज पूर्ण जोर लावून एकमेकांना टाकू शकले. पूर्वी तसं केलं असतं तर रोज एक जण दवाखान्यात गेला असता. ज्युदोतलं दो म्हणजे वाट, मामा. मारामारीची त्यानं वाट केली. पुढं बायकांसाठी वेगळा वर्ग काढला, मग ऑलिंपिकमध्ये गेलं. पण मुळाशी काय? पडणं."

तिनं आणखी एक सांगितलं. कानोला एक जाडजूड सोबती काही केल्या पडेना. तेव्हा त्यानं ग्रंथालयात जाऊन परदेशी कुस्तीची पुस्तकं चाळली आणि एक डाव उचलला. मांडीखाली हात घालून आडवा खांद्यावर घ्यायचा.

तात्याबा ताठ झाला. "ही तर आमची कलाजंग!"

"हो, तशीच. कुस्तीकडून आलेली. आता नियमात पायाला हात लावता येत नाही, म्हणून स्पर्धेत तशी चालत नाही."

म्हणजे आधी उचलली आणि मग बंद केली, तात्याबानं मनात नोंद केली. पण त्याला खरं विचारायचं होतं ते वेगळंच. तो चहाच्या कपात बघत म्हणाला, "ताई, त्या कानोसाहेबाच्या खाली पडायला कोण हुतं?"

हा प्रश्न मॅडमला आजवर कुणी विचारला नव्हता.  "आधी तोच पडला, मामा. वर्षानुवर्षं. गुरू त्याला टाकायचा. मग एक दिवस त्यानं गुरूला टाकलं, परत परत टाकलं. गुरू म्हणाला, आता तुला शिकवायला माझ्याकडं काही उरलं नाही."

तात्याबानं चहा संपवला. असं म्हणणारा गुरू पृथ्वीच्या पाठीवर नसतो हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. ही बाई गोड बोलते, त्यानं ठरवून टाकलं, आणि गोष्टी सांगून माणसाला गुंगवते. बापाला हे जमत नव्हतं.

डिसेंबरात शिरूरला जिल्ह्याच्या निवड स्पर्धा होत्या. प्रत्येक वजनातून एकच मुलगी पुढं विभागाला जाणार, आणि तिथं चमकली तर सरकारी क्रीडा वसतिगृहाची दारं उघडणार. राहणं, खाणं, शाळा, सगळं तिथंच. प्रगती रात्रंदिवस त्याचाच ध्यास घेऊन होती. तात्याबाला चित्र लख्ख दिसत होतं. एका वजनात दोघी, जागा एक. शेवटच्या कुस्तीला प्रगती आणि राजनंदिनी समोरासमोर येणार आणि वर्षभर जिला पडायची सवय लावली ती सवयीनं पडणार. मारुतरावांची नात पुढं जाईल, आणि आपल्या पोरीला कुणीतरी मान खाली घालून सांगेल, तू आता मेंढरं बघ. मेंढरं तर आता राहिलीही नव्हती.

हे होऊ द्यायचं नाही असं त्यानं मनाशी पक्कं केलं, आणि रोज उजाडायला तो प्रगतीला नांगरलेल्या वावरात न्यायला लागला.

"तुला टाकली की काय करायचं?"

"हात आपटून पडायचं."

"अजाबात न्हाई! हवेतच आंग फिरवायचं. हात टेकवायचा, पोटावर यायचं. पाठ लागली तर त्यो तुझा पराभव. ध्यानात ठिव."

"पण आबा, मॅडम म्हणत्यात, हात टेकवला की कोपर जातं."

"मॅडम म्हणणारच. तिला भाचीला जितवायचीया."

 मॅडमवर प्रगतीचा जीव होता आणि आजावर त्याहून जास्त होता. तात्याबानं तिला मऊ मातीत ढकललं, पुन्हा ढकललं, आणि तिनं हात टेकवून पोटावर यायचं शिकून घेतलं. माती मऊ होती म्हणून काही झालं नाही. "मॅडमला बोलायचं न्हाई," एवढं त्यानं बजावून सांगितलं. म्हाळसा गोठ्याकडून हे बघत होती. एकदा ती म्हणाली, "मामा, एका पोरीला दोन वस्ताद नगं." तात्याबानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दौंडच्या वर्गात मॅडमच्या लक्षात आल्याशिवाय राहिलं नाही. प्रगतीचा हात पडताना पुढं जायला लागला होता. मॅडमनं दोनदा थांबवून विचारलं, "हे कुठून आलं? कोण सांगतंय तुला?" प्रगती मान खाली घालून उभी राहिली. मॅडमनं दाराकडच्या खुर्चीकडं एक नजर टाकली. तात्याबानं ती नजर बरोबर पकडली आणि त्याला बरंच वाटलं. चोर सापडल्यावर चोराची नजर अशीच होते, असं त्याला वाटलं. नेमका चोर कोण, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नाही.

शिरूरच्या शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा झाली. सकाळपासून प्रगतीनं तीन मुलींना हरवलं. तिसरीला तर तिनं अशी टाकली की पंचाचा हात सरळ वर गेला, म्हणजे पूर्ण गुण, खेळ संपला. तात्याबानं शेजारच्या अनोळखी माणसाच्या मांडीवर थाप मारली. पण दुपारी शेवटच्या लढतीला समोर राजनंदिनी आली. बघा, तो स्वतःला म्हणाला, म्या काय म्हणलं हुतं?

मॅडम कुठल्याच पोरीच्या बाजूला बसली नाही. दोघी माझ्याच, असं सांगून ती लांब भिंतीला टेकून उभी राहिली. तात्याबाला तेही नाटकच वाटलं.

लढत सुरू झाली. दोघींनी एकमेकींच्या जाड पांढऱ्या कपड्याची कॉलर आणि बाही धरली. प्रगतीनं पहिल्याच मिनिटात पाय अडकवून राजनंदिनीला कुशीवर आणलं. अर्धा गुण. तात्याबा उभा राहिला आणि मागून लोक "ओ बाबा, खाली बसा" म्हणून ओरडायला लागले. मग राजनंदिनी गर्रकन वळून प्रगतीच्या पोटात शिरली आणि तिला पाठीवर घेतलं. प्रगतीचे पाय जमिनीवरून सुटले. तात्याबाच्या तोंडून जीव खाऊन आवाज निघाला, "पाठ वाचव!"

तिनं पाठ वाचवली. हवेतच अंग फिरवलं, डावा हात ताठ करून मॅटवर टेकवला. त्या हातावर तिचं सगळं वजन आलं, आणि हॉलमध्ये एक बारीकसा आवाज झाला. वाळलेली काडी मोडावी तसा. प्रगती ओरडली नाही. ती नुसती कोपराकडं बघत बसली, कारण कोपर भलत्याच बाजूला वळलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की सांधा निखळलाय, बारीक हाडाला तडाही आहे. सांधा बसवून प्लास्टर घातलं. म्हाळसा आणि नवनाथ वाटेत होते. बाहेरच्या बाकावर राजनंदिनी प्रगतीची पिशवी छातीशी धरून रडत होती. मॅडम औषधं घेऊन आली, आणि तात्याबाचा बांध फुटला.

"झालं तुमच्या मनासारखं? तुमच्या बापानं चार वर्सं मला पाडला, आन् एकदा म्या त्यास्नी पाडला तर दुसऱ्या दिशी हाकलून दिला. आता तुम्ही माझी नात घेतली, भाचीखाली पडायला! तेवढ्यानं भागंना म्हणून हात मोडला तिचा!"

वॉर्डबॉय थबकला. मॅडमच्या हातातली औषधांची पिशवी तशीच राहिली. ती हळू आवाजात म्हणाली, "मामा, तुम्ही आप्पांच्या तालमीत होतात?"

"मंजी? तुमास्नी ठावं न्हाई?"

"नाही. आप्पांनी तुमचं नाव कधी काढलं नाही."

तात्याबा भिंतीला टेकला. पंचेचाळीस वर्षं जे तो उराशी घेऊन झोपत होता ते त्या घरात कुणाला माहीतसुद्धा नव्हतं. हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

"म्या बाही सोडली न्हवती, आबा," राजनंदिनी हुंदके देत म्हणाली. "शेवटपर्यंत धरली हुती."

मॅडमनं त्याला मग सांगितलं. ज्युदोत टाकणारा समोरच्याची बाही सोडत नाही. टाकता टाकता ती वर ओढून धरतो, म्हणजे पडणाऱ्याचं डोकं-मान वाचतं आणि मोकळ्या हातानं त्याला नीट पडता येतं. जिंकायचं असलं तरी सोडायचं नाही. कानोनं दोघांचं भलं म्हणून जे सांगितलं ते हेच. राजनंदिनीनं उजवी बाही धरलेलीच होती. मोकळा होता तो डावा हात.

"खोटं," तात्याबा म्हणाला. पण त्याच्या आवाजातला जोर गेला होता.

दार किलकिलं होतं. आतून प्रगतीचा आवाज आला. "खरं हाय, आबा. तिनं धरलं हुतं. म्याच हात टेकवला." मग ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं हुतं म्हणून."

 तात्याबा बाकाच्या टोकाला बसून राहिला, आणि नवनाथ आला तेव्हा लेकाकडं बघायचीही त्याला लाज वाटली.

राजनंदिनी विभागाला गेली आणि दुसऱ्याच फेरीत हरून परत आली. प्रगतीचं प्लास्टर निघालं, शेकणं झालं, व्यायाम झाले, आणि उन्हाळ्यात डॉक्टरांनी मॅटवर जायला परवानगी दिली. पुढच्या निवडीला वेळ होता, अजून सगळं हातचं गेलं नव्हतं. पण मॅटवर एक भलतंच झालं. प्रगतीला पडता येईना. कुणी तिला धरून वळलं की तिचं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं आणि डावा हात आपोआप पुढं जायचा, तोच मोडलेला हात. राजनंदिनीनं प्रयत्न केला, मॅडमनं केला. दर वेळी मॅडम अर्ध्यावरच थांबायची, कारण पुढं टाकलं असतं तर पुन्हा कोपर गेलं असतं. प्रगती कोपऱ्यात जाऊन बसायची. घरी येताना स्कूटरवर ती आजाच्या पाठीला टेकून बसायची नाही, मागची दांडी धरून बसायची.

असे आठ-दहा दिवस गेल्यावर मॅडम दाराशी आली. "मामा, उठा. चपला काढा."

"म्या?"

"तिच्या अंगात जे बसलंय ते तुम्ही बसवलंय. माझ्यानं निघत नाही. तुम्ही टाका तिला."

तात्याबाच्या मनात जुनी पाल चुकचुकली. सगळ्या पोरांसमोर म्हाताऱ्याची फजिती करायची दिसतेय. मारुतरावांचं रक्त शेवटी. तरीही तो उठला, कारण कोपऱ्यातली पोर त्याच्याकडं बघत होती. त्यानं टोपी खुर्चीवर ठेवली आणि मॅटवर पाय ठेवला. मऊ, अनोळखी जमीन. त्यानं सवयीनं वाकून तिला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. पोरं हसली नाहीत.

मॅडमनं त्याला दाखवलं. डाव्या हातानं बाही, उजवा हात काखेखालून. वळायचं, पाठीवर घ्यायचं. डाव त्याला नवा नव्हता, कुस्तीतला धोबीपछाडच होता. नवं होतं ते पुढचं. कुस्तीत माणूस खाली गेला की पैलवान वर स्वतःचं वजन टाकतो. इथं वजन टाकायचं नव्हतं, बाही वर ओढून धरायची होती. त्यानं हवेतच दोनदा करून बघितलं.

प्रगती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. त्यानं बाही धरली आणि तिच्या तोंडाकडं बघितलं. तिथं जे होतं ते त्याला लगेच ओळखू आलं. गेलं वर्षभर खुर्चीत बसून तो मॅडमकडं ज्या डोळ्यांनी बघत होता, तेच डोळे. पोर त्याला जोखत होती. हा माणूस नक्की काय करणार आहे, याच्या मनात काय आहे?  आयुष्यात त्याला इतकं कुणी हरवलं नव्हतं, मारुतरावांनीसुद्धा नाही.

"आबा," ती अगदी हळू म्हणाली, "मधीच सोडणार न्हाई न्हवं?"

"न्हाई," तो म्हणाला. "म्या चुकलो, पोरी. तुला चुकीचं शिकवलं. पाठ लागू दे. लागली तर लागू दे."

तिनं डोळे मिटले. तो वळला, वाकला आणि त्यानं तिला पाठीवर घेतलं. सासष्टाव्या वर्षी गुडघे कुरकुरले, पण अंगाला डाव आठवत होता. तिचे पाय सुटले, तिचं सगळं वजन त्याच्या खांद्यावरून पलीकडं गेलं, आणि त्यानं दोन्ही पाय रोवून ती बाही जिवाच्या आकांतानं वर ओढून धरली.

ती पाठीवर पडली. डावा हात मोकळा सुटून मॅटवर सपकन आपटला. कोपर जागेवर होतं.

 प्रगतीनं एक डोळा उघडला, मग दुसरा. तात्याबा तिच्यावर ओणवा होऊन तसाच उभा होता, तिची बाही मुठीत घट्ट धरून. त्याच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या पांढऱ्या कपड्यावर टपटप पडत होतं.

"सोडा आता, आबा," ती म्हणाली. "पडले म्या नीट."

त्याला ऐकू आलं. पण मूठ काही केल्या सुटेना, शेवटी प्रगतीनंच त्याचं एकेक बोट उलगडून आपली बाही सोडवून घेतली.